चुकलेले महिने

पिंपळगाव राजाला आमच्या घरी मी जेवायला बसले की आई समोर पोळ्यांचा डबा घेऊन बसायची. नको नको म्हणताना चौथी पोळी ताटात पडायची, वर तूप आणि साखर. आईचं लहानपण दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाण्यात आणि एक वेळ आंबिलीवर काढण्यात गेलं होतं. वडील शाळेत शिपाई म्हणून लागले, घरात धान्य पुरायला लागलं, तेव्हा तिनं ठरवलं की आपल्या लेकरांना भूक कळूच द्यायची नाही. मी उठायला लागले की म्हणायची, "काऊन वं, एवढ्यानं काय होते? खाय माय, खाय."

आणि मी खायचे. वडील शनिवारी खामगावहून कचोऱ्या आणायचे, त्यातल्या तीन माझ्या. परीक्षेची भीती वाटली की मी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन बसायचे आणि तळ दिसल्यावरच थांबायचे. भुकेशी त्याचा काही संबंध नसायचा.

दहावीत पाळी चुकायला लागली. आधी दोन महिने, मग पाच. मानेमागची कातडी काळी पडली. आईला तो मळ वाटायचा, ती घासणीनं मान लाल होईस्तोवर घासायची. हनुवटीवर राठ केस आले. वर्गात मी तोंडावर ओढणी धरून बसायचे. महिना आला नाही हे आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं हाय ना. रक्त अंगात राह्यते, ताकद येते." मलाही ते सोयीचं वाटलं. कटकट नाही, कापडं धुणं नाही.

चोविसाव्या वर्षी लग्न होऊन जळगाव जामोदला आले. नवरा कॉलेजात क्लार्क, मी एका शाळेत शिक्षिका. चार वर्षं झाली, मूल नाही. सासू तोंडावर काही बोलायची नाही, पण शेजारणींची बाळंतपणं माझ्यासमोर पुन्हा पुन्हा सांगायची. शेवटी नवऱ्यानं खामगावच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला. ऐन वेळी त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून आई गावाहून दवाखान्यात आली.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लहानपणापासून खाणं कसं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. तूप, साखर, पोळ्या, कचोऱ्या, सगळं सांगितलं. तिच्या आवाजात अभिमान होता. "पोरगी कधी उपाशी नाही राह्यली, बाई."

बाईंनी शांतपणे समजावलं. गरजेपेक्षा जास्त खाणं, त्यात गोड आणि मैदा. वजन वाढत जातं तसं रक्तातलं इन्सुलिन वाढतं. ते वाढलं की अंडाशय पुरुषी हार्मोन जास्त बनवतं. मग बीज पिकत नाही, पाळी येत नाही, केस येतात, मान काळी पडते. "सगळं खाण्यानंच झालं असं नाही," त्या म्हणाल्या. "काहींच्या शरीराचा कलच तसा असतो. खाण्यानं त्यात भर पडली. वजन कमी करा, गोळ्या सोडू नका. पाळी बरेच महिने न येणं चांगलं नाही, आतलं अस्तर जाड होत जातं."

आईनं त्यातलं एकच ऐकलं. बसस्टँडवर बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, "म्या केलं काय वं हे?"

मी पर्समधले सुटे पैसे मोजत राहिले. जळगावची बस लागली, मी चढले. खिडकीतून पाहिलं तर ती तशीच बसलेली होती. त्या क्षणी मला तिचा राग आला होता आणि तो तिला दिसावा असंही वाटत होतं.

पहिले काही महिने मी रोज चालले. भाकरी, भाजी, वरण, साखर बंद. लागोपाठ दोनदा पाळी आली, तेव्हा मी बाथरूममध्ये रडले. मग नणंदेचं लग्न निघालं, चालणं सुटलं, गोळ्या संपल्या त्या पुन्हा आणल्या नाहीत. शाळेतल्या कपाटात मी बिस्किटांचे पुडे ठेवायला लागले. सगळे वर्गावर गेले की खायचे. तेव्हा ताटात वाढायला आई नव्हती.

तेहतिसाव्या वर्षी रक्त जायला लागलं ते थांबेचना. महिना उलटला. एके दिवशी वर्गात खुर्चीवरून उठले तर खुर्ची लाल झालेली, आणि समोर पाचवीची मुलं. अकोल्याला नेलं. अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट चांगला नव्हता. पेशी बिघडायला लागल्या होत्या. पिशवी काढली.

दवाखान्यात आई आठ दिवस माझ्याजवळ होती. टाके काढायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, "माय, तू नाही केलं. शेवटी तर मीच खाल्लं, तुले न सांगता."

"डाक्टरीणबाईनं सांगतलं ना," ती म्हणाली. "मी होती तिथं." मी जे पाच वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं, ते आता तिच्या कामाचं राहिलं नव्हतं.

आता दर सहा महिन्यांनी मी तपासणीला जाते. नवरा बरोबर असतो. मुलाचा विषय आम्ही काढत नाही. गेल्या दिवाळीत माहेरी गेले होते. भावाच्या सात वर्षांच्या मुलीनं दुसरी करंजी मागितली. आईनं तिच्या हातासमोरून ताटली ओढून घेतली. "बस झालं!" ती इतक्या जोरात ओरडली की पोरगी घाबरून रडायला लागली. वाळलेली, काड्यांसारख्या हातांची पोरगी.

मी उठून तिला करंजी दिली. आई माझ्याकडे पाहत राहिली. मग ताटली खाली ठेवून ती परसात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.