मेहुण्याचं रक्त आणि माझी चिमूट

गंगापूरहून शहरात येताना एका पिकअपनं माझ्या मोटरसायकलला उडवलं. मांडीचं हाड मोडलं आणि रक्त इतकं गेलं, की दवाखान्यात पोहोचेपर्यंत मी पांढराफटक पडलो होतो. लगेच रक्त चढवायला सुरुवात झाली. एक पिशवी संपली की दुसरी. बदल्यात रक्त द्यायला बायकोनं तिच्या धाकट्या भावाला क्रांती चौकातून बोलावून घेतलं. त्यानं आनंदानं दिलं. माणूस सोन्यासारखा, फक्त तोंडात तंबाखू कायम.

थोड्या वेळानं माझ्या ओठांना मुंग्या आल्या. मग बोटं आपोआप वळली आणि जुळून अंगठ्याला टेकली. हुबेहूब तंबाखूची चिमूट! सोडवता सुटेना. मी तर जन्मात तंबाखूला हात लावलेला नाही. मी घाबरलो. बायको माझ्याहून जास्त घाबरली, पण तिची भीती नेहमी रागाच्या वाटेनं बाहेर पडते.

"बघ तुझं रक्त काय करायलंय!" ती भावावर कडाडली. "चांगल्या माणसाला नाद लावलास!"

"अगं अक्का, रक्तातून नाद जातो व्हय?" असं म्हणत त्यानं माझा हात निरखला आणि तोही विचारात पडला. "चिमूट मात्र बरोबर धरलीय दाजींनी."

नर्सनं डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी बोटं पाहिली आणि इंजेक्शन मागवलं. "रक्त गोठू नये म्हणून पिशवीत औषध असतं," त्या म्हणाल्या. "भराभर रक्त चढवलं की ते औषध अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. कॅल्शियम फार उतरलं तर हृदयाला धोका, आणि रक्तस्रावही थांबत नाही."

मेहुण्याचे डोळे चमकले. त्यानं खिशातून चुन्याची डबी काढली. "मॅडम, चुना म्हंजे कॅल्शियमच की! आपल्याकडं लई हाय."

"ती खिशात ठेवा. आणि तुम्ही बाहेर थांबा."

मॉनिटरवर नजर ठेवून त्यांनी इंजेक्शन हळूहळू दिलं. अंगभर ऊब पसरली. मुंग्या ओसरल्या, बोटं एकेक करून मोकळी झाली. बायकोनं माझा पंजा दोन्ही हातांत धरला आणि तेव्हा कुठं ती रडली.

"आणि तुमच्या भावाचं रक्त यांना दिलेलंच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते रक्तपेढीत तपासणीला गेलंय."

बायकोनं डोळे पुसले. "म्हणजे आता ते दुसऱ्या कुणाला देणार?" तिनं काळजीनं विचारलं.

डॉक्टरबाई घाईनं मॉनिटरकडे वळल्या. तोंडावरचा मास्क मात्र हसण्यानं हलत होता.