एक वीत खालचा दांडा

दारं बनवणाऱ्या त्या दुकानात गेली एकतीस वर्षं दोनच माणसं काम करतात, मिस्त्री आणि त्यांची बायको. मिस्त्रींची उंची सहा फुटांना एक इंच कमी. समोरचा वेल्डर त्यांना शिडी म्हणतो, आणि ते नाव आता गिऱ्हाइकांच्याही तोंडी बसलं आहे. बायको जेमतेम पावणेपाच फूट. तिला सगळे काकू म्हणतात.

दुकानात काकू नेमकं काय करतात, असं कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "दुसरं टोक धरते." त्यात विनय नव्हता. प्लायवूडची शीट आठ फूट लांब आणि चार फूट रुंद असते. जाड शीट तीस-पस्तीस किलो भरते. वजन एकट्यालाही पेलेल, पण ती कवेत मावत नाही आणि दारातून नेताना कुठे आपटेल ते कळत नाही. म्हणून दोन माणसं लागतात. मागच्या गोदामातून करवतीच्या टेबलापर्यंत, तिथून पॉलिशच्या खोलीत, तिथून रस्त्यावरच्या टेम्पोपर्यंत, अशा दिवसाला पंधरा-वीस फेऱ्या. काकू पुढे, उलट्या चालत. मिस्त्री मागे. वळण कुठे आहे आणि उंबरठा किती पावलांवर आहे, हे काकूंच्या टाचांना पाठ होतं. दोघांत बोलणं एवढंच व्हायचं: "वळा", "थांब", "टेक".

पॉलिश केलेलं दार न्यायची रीत वेगळी. ते ओलं असतं, म्हणून ते आडवं न्यायचं. कडा तळहातावर, कोपर बरगडीला टेकवलेलं, आणि दार पाण्याने भरलेल्या ताटासारखं सपाट. जरा कललं की पॉलिश एका बाजूला ओघळतं आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं. या दोघांच्या हातून आजवर एकही दार ओघळलेलं नाही. हे वेल्डर सांगतो. ते दोघं अशा गोष्टी सांगत बसत नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी काकू स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. इतकी वर्षं प्लायवूड उचललं तेव्हा पाठीने हूं की चूं केलं नाही, आणि झाकणाने दगा दिला. मणक्यातली गादी सरकली होती. तीन आठवडे त्या पडून होत्या. मग डॉक्टरांनी चालायला सांगितलं. जेवढं चालाल तेवढं चांगलं, पण उचलायचं नाही. भरलेली बादलीसुद्धा नाही.

"किती दिवस?" काकूंनी विचारलं.

"दिवस मोजू नका. आता उचलणं बंद," डॉक्टर म्हणाले.

दोघांची मुलगी बसने तीन तासांवर राहते, शाळेत शिकवते. तिने फोनवर एका दमात निकाल लावला. "आई, तू आता माझ्याकडे ये. महिनाअखेरच्या रविवारी मी स्वतः न्यायला येते. दुकानात बसून काय करणार आहेस?"

फोन स्पीकरवर होता. मिस्त्री बाजूलाच होते. ते म्हणाले, "जा. ती म्हणते ते बरोबर आहे. इथे दिवसभर स्टुलावर बसून काय करणार?"

त्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा दुकानातलं ते कडक स्टूल होतं आणि त्यावर अवघडून बसलेली बायको. काकूंच्या कानावर मात्र दुसरंच पडलं: आता इथे तुझं काम नाही. त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. एकतीस वर्षं ज्यांचं दोन-तीन शब्दांत भागलं, त्यांना आयत्या वेळी चौथा शब्द सुचला नाही.

मिस्त्रींनी दोन दिवस एक हमाल लावून पाहिला. हमाल ताकदीचा होता, अडचण ताकदीचीच झाली. "तुम्ही कशाला हात लावता? बाजूला व्हा," असं म्हणत तो शीट एकटाच पाठीवर घ्यायचा आणि झपाझप सुटायचा. दुसऱ्या दिवशी एका नव्या दाराचा कोपरा चौकटीला घासला आणि सनमायक्याचा टवका उडाला. मिस्त्रींनी त्याला चहा पाजून निरोप दिला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी शीट न्यायला एक ढकलगाडी बनवायला घेतली.

काकू रोज दुकानात येऊन बसतच होत्या. घरी बसायचं ते इथे बसेन, हा त्यांचा मुद्दा. त्यामुळे गाडी बनली ती त्यांच्या डोळ्यांदेखत. उरलेल्या जाड प्लायचे दोन थर चिकटवून मिस्त्रींनी चार फूट लांब, एक फूट रुंद फळी तयार केली. तिच्यावर मागे किंचित कललेली चौकट उभी केली. शीट एका कडेवर उभी राहणार आणि त्या चौकटीला टेकणार. ती पुढे घसरू नये म्हणून फळीच्या कडेला पट्टी ठोकली. दाराची कड खरचटू नये म्हणून आतून मऊ काहीतरी लावायचं होतं. दुसऱ्या दिवशी घरचं पायपुसणं नाहीसं झालं.

"ते मीच घेतलं," मिस्त्री म्हणाले.

"कळलं मला. पाय पुसायला आता दुकानात येत जाऊ का?"

चाकं भंगारवाल्याकडे मिळाली, दवाखान्यातल्या एका मोडक्या खाटेची. रबरी होती, आवाज करत नव्हती. मागची दोन सरळ चालणारी, पुढची दोन गरगर फिरणारी. वेल्डरने त्यांना लोखंडी पट्ट्या जोडून दिल्या आणि जाता जाता बोलला, "शिडी, या चाकांवरून किती पेशंट गेले असतील. तुझी दारं तरी धड पोचवतील ना?"

"पेशंट स्वतःहून उतरून जायचे. दारांना ती सोय नाही," मिस्त्री म्हणाले.

वेल्डर हसला. काकू हसल्या नाहीत. गाडीकडे बघत म्हणाल्या, "चांगली होतेय. बोलणार नाही, बसणार नाही, पाठ धरणार नाही."

मिस्त्रींच्या कानामागे पेन्सिल होती. ती त्यांनी उगाच काढली आणि पुन्हा खोचली. "मला एकट्याने कसं जमणार सगळं," एवढंच म्हणाले. मनातलं वाक्य याहून लांब असावं, पण बाहेर आलं ते इतकंच. काकूंनी पर्स उचलली आणि त्या घरी चालत गेल्या.

त्यानंतर दोन दिवस त्या आल्या नाहीत. त्या दोन दिवसांत मिस्त्रींनी गोदाम उलटंपालटं केलं. त्याच हमालाला पुन्हा बोलावून सगळ्या शीट बाहेर काढल्या, त्यांच्याखालचे लाकडी ठोकळे बदलले आणि उंची बरोबर गाडीच्या फळीइतकी केली. आता शीट उचलायची गरज उरली नाही. गाडी समोर लावायची आणि शीट ओढायची, ती ठोकळ्यांवरून सरकत गाडीवर येते. उंबरठे उपटून तिथे उतार केले. शेवटी राहिला ढकलायचा दांडा. चौकटीच्या मागच्या खांबाला आडवा, बाहेर आलेला, गोल रंधून गुळगुळीत केलेला. त्याचं माप त्यांनी टेपने घेतलं नाही. भिंतीशी उभे राहिले, हातात दार आहे असं धरून कोपर बरगडीला टेकवलं, आणि मूठ जिथे आली तिथे पेन्सिलने खूण केली. त्याच उंचीवर दांडा बसवला.

शनिवारी सकाळी काकू आल्या. दुसऱ्या दिवशी मुलगी येणार होती. आपला चष्मा आणि ड्रॉवरमधली औषधं न्यायला आले आहे, असं त्यांनी सांगितलं. वेल्डरही गंमत बघायला येऊन उभा होता. मिस्त्रींनी गाडीवर शीट सरकवली आणि दांडा धरून ढकलली. गाडी सुरेख चालली. चाकं सरळ, शीट घट्ट, वळणावर कुठे अडणं नाही. फक्त ढकलणारा माणूस गुडघ्यात वाकलेला होता, खांदे पडलेले, मान पुढे, जसं कुणी हरवलेली सुई शोधत चालावं.

"अरे, ही काय चाल?" वेल्डर म्हणाला. "दांडा पार खाली बसवलास."

"मापात आहे."

"कुणाच्या मापात?"

"माझ्याच. दार धरतो तसा उभा राहिलो आणि खूण केली."

काकूंनी औषधांची पिशवी टेबलावर ठेवली. टेबलावरचा टेप घेतला. "सरळ उभे राहा," त्या म्हणाल्या. मिस्त्री उभे राहिले. "अजून सरळ." जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंत त्रेचाळीस इंच भरलं. मग त्यांनी दांडा मोजला. चौतीस. टेप तसाच उघडा ठेवून त्यांनी तो स्वतःच्या कोपराला लावला. चौतीस.

फरक एका वितीचा होता. वेल्डरला आपली भट्टी चालू राहिल्याचं आठवलं. वेल्डरकडे भट्टी नसते, पण तो गेला.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही असे वाकून चालत होतात?" काकूंनी विचारलं.

"असे म्हणजे?"

"असे."

मिस्त्रींनी खरोखरच विचार केला. त्यांना तो प्रश्न नवीन होता. "दार सपाट राहायला नको? मी ताठ चाललो असतो तर सगळं पॉलिश तुझ्या अंगावर आलं असतं."

"सांगायचं तरी. मी हात वर केले असते."

"एकतीस वर्षं?"

"मग तुम्ही एकतीस वर्षं गुडघे वाकवलेत ते?"

"मला कळलं नाही ना. सवय झाली." मग ते म्हणाले, "खूण करताना तू समोर आहेस असंच धरून उभा राहिलो. चूक झाली. दहा मिनिटांत वर घेतो." आणि त्यांनी पाना उचलला.

"हात लावू नका त्याला," काकू म्हणाल्या.

त्या दांड्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. दांडा बरोबर हाताशी आला. पाठ ताठ, खांदे मोकळे. त्यांनी हलकेच रेटलं आणि पस्तीस किलोची शीट मुकाट्याने पुढे निघाली. आजवर त्या या दुकानात उलट्या चालल्या होत्या. पुढे बघत चालायची ही पहिलीच वेळ, आणि करवतीच्या टेबलापाशी त्या क्षणभर गोंधळल्या, कारण ओळखीची भिंत नेमकी उलट्या बाजूला आली. मग त्यांनी झोकात वळण घेतलं. मिस्त्री दोन पावलं बाजूने चालत होते. हात रिकामे होते, ते कुठे ठेवायचे हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी ते पाठीमागे बांधले.

काकूंनी दुपारपर्यंत सात फेऱ्या केल्या. शीट टेबलावर आडवी करायचं काम तेवढं मिस्त्रींचं, आणि पॉलिशची ओली दारं आता वाळेपर्यंत आतच राहणार होती. मध्ये एकदा दोघांचं वाजलंही. मिस्त्री म्हणाले, हळू घे. काकू म्हणाल्या, तुम्ही वाटेतून सरका.

रविवारी मुलगी आली. बरोबर मोठी रिकामी बॅग होती. घराला कुलूप बघून ती थेट दुकानात आली, आणि समोरून आई गाडीवर दार घेऊन येताना दिसली. तिचा चेहरा उतरला.

"आई, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"चाला म्हणाले होते. चालतेय."

"हे ओझं?"

"ओझं गाडीवर आहे. ढकलून बघ."

मुलीने बॅग खाली ठेवली आणि ढकलून पाहिलं. उंचीला ती बापावर गेली आहे, त्यामुळे तिलाही वाकावं लागलं. गाडी मात्र बोटाने रेटावी इतकी हलकी चालली. तिने चाकं पाहिली, फळी पाहिली, ठोकळे पाहिले. "उद्या मी डॉक्टरांना फोन करून विचारणार आहे," ती म्हणाली. ती शिक्षिका आहे, विचारल्याशिवाय राहणार नव्हती. मग ती बापाकडे वळली. "बाबा, तुम्हीच तर 'जा' म्हणाला होतात. आता तुम्हीच सांगा. आईला नेऊ की नको?"

मिस्त्री दाराच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. म्हणाले, "बुधवारी चौदा दारं जायची आहेत."

"आणि बुधवारनंतर?" हे काकूंनी विचारलं. गाडी थांबवून, दोन्ही हात दांड्यावर ठेवून विचारलं.

समोरच्या दुकानातला वेल्डिंगचा आवाज त्याच वेळी थांबला, कदाचित योगायोगाने.

"त्यानंतरही नको नेऊ," मिस्त्री मुलीला म्हणाले. मग बायकोकडे बघून म्हणाले, "तेव्हा मी त्या स्टुलाचा विचार करून बोललो. तू नसलीस तर दुकान उघडावंसं वाटत नाही. दोन दिवस आली नाहीस, तेव्हा नुसते ठोकळे ठोकत बसलो होतो."

इतकं ते एका वेळी फार क्वचित बोलतात. मुलगी बॅगेची चेन उघडत आणि लावत राहिली. काकूंनी पदराने दांडा पुसला. त्याची काही गरज नव्हती.

"स्टुलाला पाठ लावून द्या," त्या म्हणाल्या. "मध्ये मध्ये बसेन."

"आजच लावतो."

"आज नको. आधी हे दार आत जाऊ दे." त्यांनी गाडी पॉलिशच्या खोलीकडे वळवली आणि मुलीला म्हणाल्या, "बाजूला हो गं. आणि तुझी ती बॅग उचल, मला वाकता येत नाही."