ताईचं कापडी चाक

माझी ताई कुणाचं ऐकत नाही, हे मी पन्नास वर्षं सांगत आलोय, आणि पन्नास वर्षं तिने तेही ऐकलेलं नाही.

लहानपणच्या आजारात तिचे पाय गुडघ्यांखाली कामातून गेले. गुडघे तेवढे शाबूत. म्हणून तिचं शिलाई मशीन गुडघ्याने चालणारं. टेबलाखालची दांडी गुडघ्याने ढकलली की मोटर सुरू. माझं रंगांचं दुकान खाली, तिची खोली वर. तिथे बसून तिने तीस वर्षं निम्म्या गल्लीचे पडदे आणि गणवेश शिवले. बाजारातली नवी मशीनं सगळी पायाने चालणारी, ती हिच्या काय कामाची?

तर त्या मशीनमधलं प्लास्टिकचं दातेरी चाक फुटलं. तीन दाते गेले.

"हे चाक बनवणारा कारखाना कधीच बंद पडला," मेकॅनिक म्हणाला. "महिनाअखेरच्या शनिवारी टेम्पो आणतो. भंगारात देऊन टाका."

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. साठी उलटलेल्या बाईने वाकून वाकून मान मोडून घ्यायची कशाला? त्याच संध्याकाळी मी तिच्या खिडकीशी ठेवायला आरामखुर्ची आणली.

ताईने खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला बसवून ठेवतोस? तुझ्या दुकानात ते ओतलं की घट्ट होणारं रेझिन असतं ना, ते आण."

तुटलेल्या दात्यांच्या जागी तिने मेण भरलं, सुईने कोरून आकार दिला आणि चाकाभोवती सिलिकॉन रबर ओतून साचा केला. मी दुकानदार, म्हणजे मोठा जाणकार. सगळे नेतात ते स्वस्तातलं पॉलिस्टर रेझिन मी दिलं. चाक निघालं काचेसारखं सुंदर, पण किंचित आकसलेलं. फुटलंही काचेसारखंच.

"सगळे याचं काय करतात?" तिने विचारलं.

"किल्ल्यांच्या कड्या. पेपरवेट."

"त्यांना दाते असतात का रे?"

मग मी इपॉक्सी रेझिन दिलं, महागातलं आणि चिवट. या खेपेला घोळ तिने घातला. शिवणीच्या शेवटाला दोन टाके जास्त मारायची तिची जन्माची सवय. तसंच इथे रेझिन घट्ट करणारं हार्डनर ठरल्यापेक्षा दोन चमचे जास्त घातलं, पक्कं व्हावं म्हणून. पेला तापला, धूर निघाला, आम्ही खिडक्या उघडून खोकत बसलो. चाकात बुडबुडेच बुडबुडे.

"अति तिथे माती," मी अगदी चवीने म्हणालो. तिने माझ्या दुकानातला वजनकाटा मागवून घेतला.

तिसरं चाक काट्यावर मोजून केलं. ते अर्धा पडदा चाललं आणि एक दाता मुळापासून तुटला. त्या दिवशी ताई रडली. आई गेली तेव्हा रडली होती, त्यानंतर आत्ताच. मी खुर्ची पुढे सरकवणार होतो, पण हिंमत झाली नाही. तुटक्या दात्यावरून ती कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिली.

"अरे, यात उभा धागा नाही की आडवा," ती एकदम म्हणाली. "नुसती खळ आहे ही. खळीला कापड नको का?"

मग ती तिच्या राज्यात शिरली. जाड सुती कापडाला ओल अजिबात राहू नये म्हणून कडकडीत इस्त्री केली. छोट्या कात्रीने दात्यांसकट वीस चकत्या कापल्या. काट्यावर मोजलेल्या इपॉक्सीत भिजवून त्या साच्यात एकावर एक रचल्या, प्रत्येक चकतीचा उभा धागा थोडा फिरवून. "सगळे धागे एकाच दिशेला गेले तर बाकीच्या दात्यांनी काय करायचं?" वर झाकण, झाकणावर जुनी लोखंडी इस्त्री. तो सोमवार होता.

बुधवारी चाक टणक लागत होतं. मी म्हटलं, बसवूया.

"डब्यावर सात दिवस लिहिलंय. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्यातून गुडघा माझा आहे."

पाचव्या दिवशी, शनिवारी, टेम्पो आला. मेकॅनिक दोन माणसं घेऊन वर चढला. ताईने मशीनवर हात ठेवला.

"सोमवारी या."

"ताई, मला दुसऱ्या खेपा आहेत."

"मग त्या करा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. हो मीच म्हटलं होतं ना! पण तिचा तो हात बघून मला स्वतःचीच लाज वाटली. "सोमवारी या," मीही म्हणालो. तो पुटपुटत गेला.

सोमवारी तो माणसं घेऊन आला, आणि चाकही त्यानेच बसवलं, तोंड वाकडं करून. ताईने गुडघा ढकलला. चार पदरी ताडपत्रीवरून सुई सरळ निघून गेली. मग पुन्हा, आणि पुन्हा. अर्ध्या तासाने त्याने चाक काढून दाते तपासले. एकही दुखावला नव्हता.

"कापडाचं?" तो म्हणाला.

"मला जे येतं, त्याचंच केलं."

त्याच्या माणसांना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून तिने त्यांना रात्री येऊन काहीतरी उचलायला सांगितलं. मी खाली गिऱ्हाइकाकडे निघालो होतो, लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर माझ्या गल्ल्यामागे ती आरामखुर्ची. तिला मापाचं नवंकोरं कव्हर, आणि उजव्या हाताला माझ्या चष्म्याएवढा खिसा. खिशाच्या शेवटाला दोन टाके जास्त.

"बसून बघ रे," वरून आवाज आला. "दिवसभर उभा असतोस. वय झालं तुझं."

मी बसलो. वर मशीन चालू झालं.