उडालं, उडालं

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं अन् घरोघरी कम्प्युटर आले. त्यांच्यासोबत एक शब्द आला, उडालं. मशीन बंद पडली की न उघडता, न पाहता लोक सांगायचे, "मदरबोर्ड उड़ गया भैया, बदल दो." मी दुरुस्तीवाला. आधी प्लग पाहा, वायर हलवून पाहा, रॅम काढून रबरानं घासा, मग बदलायचं बोला, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. कोण ऐकते?

भनपुरीच्या काकांच्या मशीननं मात्र माझाही जीव खाल्ला. काका रेल्वेतले रिटायर टायपिस्ट. लकव्यानं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायचे, तेवढंच त्यांचं बोलणं. अन् मशीन चालता चालता बंद व्हायची. दोनदा दुकानात नेली, दिवसभर मस्त चालली. घरी ठेवली की पुन्हा तेच. ट्रकांच्या धुळीतून स्कूटर हाकत तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पार वैतागलो होतो.

त्या दिवशी त्यांचा मुलगा घरी होता. मराठी समजतो, बोलतो हिंदी. तो म्हणाला, "मशीन छोड़ो भैया, पापा का दिमाग ही उड़ गया है."

भर मे महिन्यात काका पांघरूण मागून राहिले होते म्हणे. मशीन बंद पडली की लगेच चालू करायला लावायचे, अन् 'पांघरूण' एवढं उमटलं की पुन्हा ठप्प. काकू बिचाऱ्या चादर आणून अंगावर घालायच्या. काका ती डाव्या हातानं फेकून द्यायचे अन् पुन्हा तेच टाइप करायचे. आता मशीनच विकून टाकू, असं मुलानं ठरवलं होतं. हे सगळं काकांसमोर. ते माझ्याकडे पाहत होते अन् मले त्यांच्याकडे पाहवेना.

मी रॅम पाहिली, पंखा पाहिला. सगळं ठीक. आज इथंच बसतो, म्हटलं. कीबोर्ड माझ्याकडेच घेऊन तपासत राहिलो, बराच वेळ मशीन गुमान चालली. दुसरा चहा देईस्तोवर काकू माझ्यापुढचा संकोच विसरल्या असाव्या. दाराआडून एक कापड आणलं अन् सीपीयूवर चढवलं. जुन्या साडीचं, झालर लावलेलं, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत. उरल्याच्या कारखान्यांकडची काळी धूळ आत जाऊ नये म्हणून स्वतः शिवलेलं. मळलं होतं, म्हणून कोणी यायचं असलं की आधी लपवायच्या. माझ्यासाठीही दरवेळी लपवलं होतं.

चहा संपला नाही तोच आत हवा कोंडून मशीन तापली अन् बंद पडली.

मी ते कापड ओढून काढलं. मशीन थंड होऊ दिली, चालू केली, कीबोर्ड काकांपुढे सरकवला. काकांचं बोट हळूहळू फिरू लागलं. 'पांघरूण' उमटलं. आम्ही तिघंही स्क्रीनकडे पाहत उभे. या वेळी मशीन थांबली नाही.

"पांघरूण काढ म्हणून राहिलो होतो. मशीनचं. माझं डोकं ठीक आहे."

काकू ते झालरीचं कापड हातात घेऊन खाली बसल्या. मुलगा काकांच्या पायाशी पडलेली चादर उचलून तिची घडी घालत राहिला, घातलेली मोडून पुन्हा घालत राहिला.