बिनब्रेकची गाडी

घरमालकाचा मुलगा व्हँकुव्हरहून आला, त्या दिवसाचा राग अजून माझ्या पोटात आहे. सोडून दे म्हणतात सगळे. नाही सोडणार, जा!

कॅनडात किचनर गावी मी ज्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायची, तिथे वर घरमालक एकटेच राहायचे. इंग्लंडचे, नव्वदी ओलांडलेले. मी त्यांना आजोबा म्हणायची. महायुद्ध संपल्यावर, ऐन तारुण्यात, ते तिकडे मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचे. कोळशाच्या राखेचा गोल ट्रॅक, चार गाड्या आणि एकीलाही ब्रेक नाही! डावीकडे वळायचं तर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि हँडल उजवीकडे धरायचं. डाव्या बुटाला लोखंडी तळ, तो जमिनीला घासत जायचा. खांद्याचं हाड मोडलं तरी गडी पुन्हा गाडीवर. पुढे प्रेक्षक आटले, ट्रॅक बंद पडला आणि आजोबा इकडे कारखान्यात लागले. माझ्या पहिल्या विंटरमध्ये बर्फावर कार घसरली तर काय करायचं, ते त्यांनीच मला शिकवलं.

मुलाला त्यांना होममध्ये टाकायचं होतं. आजोबांना घर सोडायचं नव्हतं. ते एकटे राहू शकतात का, हे बघायला मुलाने एका बाईंना बोलावलं. मी तिथेच चहा करत होते. बाईंनी जुन्या दिवसांबद्दल विचारलं, आणि आजोबा असे खुलले! बाई मात्र थबकल्या.

"ब्रेक नव्हते? मग थांबायचात कसे?"

"थांबायचं कशाला?" आजोबा हसले.

बाईंनी मुलाकडे पाहिलं. हा पठ्ठ्या बापाच्या याच गोष्टी ऐकत लहानाचा मोठा झालेला. आणि म्हणतो काय, "ब्रेक होते हो. हल्ली डॅडचा असाच गोंधळ होतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काऊन खोटं बोलून राहिला बे?" तोंडातून थेट नागपूरच बाहेर पडलं. मग इंग्लिशमध्ये बाईंना म्हटलं, हा खोटं बोलतोय, फोनवर शोधा, आत्ता, माझ्यासमोर शोधा! बाईंनी खरंच पर्समधून फोन काढला. मुलाचा चेहरा लालबुंद झाला, मान खाली गेली.

आजोबा त्याच्याकडे बघत राहिले. मग बाईंना म्हणाले, "ठेवा तो फोन. ब्रेक होते. मीच विसरलो."

"आजोबा!" मी ओरडले.

"तू खाली जा, पोरी."

आपलेच दात, आपलेच ओठ. कळतं मला. पण म्हणून स्वतःला वेडं ठरवून घ्यायचं? त्या नालायकासाठी?

आता ते जिथे आहेत तिथलं दार नंबर दाबल्याशिवाय उघडत नाही. मी रविवारी जाते. परवा तिथली नर्स कौतुकाने सांगत होती, "किती गोड आहेत हो! सगळ्यांना सांगतात, माझा मुलगा कधी खोटं बोलत नाही."

मी तिच्यावरच खेकसले. तिचा बिचारीचा काय दोष!