आडवं होऊन बघणं

"समुद्राजवळ, जमिनीवर, एक रात्र धड झोपतो आणि मग तू म्हणशील तिथे येतो," असं दादाने त्याच्या मुलाला फोनवर सांगितलं, तेव्हा मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. त्यानंतर मी पेपर नुसता धरून बसलो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. केळीची वाडी गेली, विहीर बुजली, वहिनीही गेल्या. वाडी कशी गेली ती हकीकत इथे सांगत नाही. वसईतल्या प्रत्येक जुन्या घरात ती आहे आणि प्रत्येक घराला आपलीच सर्वांत वाईट वाटते. दादा आमच्याकडे चंदनसारला राहायला आला त्याला वर्ष होत आलं होतं. या वर्षात त्याला झोप म्हणून लागली नव्हती. चौथ्या मजल्यावर खालून टाकीचा पंप ऐकू यायचा, हायवेवरचे ट्रक ऐकू यायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "गोळीने डोळे मिटतात. झोप येत नाय," असं म्हणून त्याने त्या बंद केल्या. मुलगा हैदराबादला. तो वर्षभर बोलावत होता आणि दादा वर्षभर काहीतरी कारण काढत होता. आता त्याने कारण काढायच्या ऐवजी अट घातली होती.

पुतण्या शहाणा आहे. त्याने अट मान्य केली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर विरारजवळच्या पाच कॅम्पिंगच्या जाहिराती पाठवल्या. 'काका, यातली एक निवडा. बाबांची झोप झाली की सांगा, तिकीट मी काढतो.'

म्हणजे जागा निवडायचं काम माझ्याकडे आलं, आणि चांगली जागा सापडली की दादा जाणार हेही त्यात आलं. मी काही फार घाई केली नाही. पाच जाहिराती वाचायला मी दोन आठवडे घेतले.

वाचण्यासारख्या होत्या मात्र. पाचही ठिकाणं निसर्गाच्या कुशीत होती. त्यांतल्या चार ठिकाणी लाइव्ह म्युझिक, अनलिमिटेड बार्बेक्यू आणि झाडांना गुंडाळलेले दिवे होते. उघड्यावर झोपायला लागू नये म्हणून माणसाने काही हजार वर्षं खटपट करून घर बांधलं. आता त्याच उघड्यावर झोपण्याचे डिलक्स आणि सुपर डिलक्स असे दोन प्रकार निघाले होते. सुपर डिलक्समध्ये तंबूला कुलर होता. मी एक जाहिरात दादाला पूर्ण वाचून दाखवली. संध्याकाळचा नाश्ता, खेळ, नाच, शेकोटी, जेवण, पुन्हा नाच.

"ह्यात झोपायचं कधी?" त्याने विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"मग जाऊन बघू. आडवं होऊन."

हे 'आडवं होऊन बघणं' आमच्या वडिलांचं. होळी झाली की आमच्या वाडीत खाटा घराबाहेर निघायच्या आणि पाऊस येईपर्यंत बाहेरच राहायच्या. खाट कुठे टाकायची हे वडील दर वर्षी नव्याने ठरवायचे. भर दुपारी खांद्यावर गोणपाट टाकून ते वाडीत हिंडायचे, एखादी जागा पसंत पडली की गोणपाट अंथरून तिथे आडवे व्हायचे आणि डोळे मिटायचे. दुपारी जिथे डोळा लागतो तिथे रात्री लागणारच, असा त्यांचा हिशेब. आम्ही दोघे बाजूला उभे. थोड्या वेळाने ते उठायचे, "नाय" म्हणायचे आणि पुढे जायचे. नारळाखाली कधीच नाही; ते आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही माहीत असतं. विहिरीजवळ डास. पिकत आलेल्या घडाखाली वटवाघळं. माझी शाळा त्यांनी याहून पुष्कळ कमी वेळात निवडली होती.

एकदा खाट पडली की मग समुद्र. आमच्या वाडीपासून तो अर्ध्या मैलावर. मध्ये केळी, मग दुसऱ्यांच्या केळी, मग सुरूची झाडं. दिवसा तो कामाच्या आवाजात हरवायचा. दिवे मालवले की हळूहळू वर यायचा. आवाज कुठल्या बाजूचा आहे यावरून वडील पावसाचं भाकीत करायचे. निम्म्या वेळा ते बरोबर निघायचं, म्हणजे कोणाचंही निघतं तेवढंच. एका खाटेवर मी आणि दादा. तो तेव्हा वीस वर्षांचा, शाळा कधीच सुटलेली, दिवसभर पाटाचं पाणी फिरवून दमलेला. मी अकराचा, पुस्तकं वाचून दमलेला. मी शिकलो याचं एक कारण दादा शिकला नाही हे आहे. हे आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही, त्यानेही नाही.

तर जानेवारीतल्या एका सकाळी माझ्या स्कूटरवर मागे दादा, त्याच्या खांद्यावर पंचा, असे आम्ही निघालो.

पहिली जागा थेट किनाऱ्यावर होती. बांबूची कमान, कमानीवर इंग्रजीत स्वागत, आत गेल्यावर हातात निळ्या रंगाचं सरबत. मॅनेजर पंचविशीचा, कामसू, टी-शर्टवर समुद्राचं चित्र. समुद्र मागेच होता तरी. नारळांखाली तंबूंची सरळ रांग. दादाने आधी वर बघितलं.

"अंकल, टेन्शन नको. नारळ सगळे उतरवलेत," मॅनेजर म्हणाला.

"झावळ्या?"

"त्या तर नॅचरल आहेत ना अंकल."

दादाने पंचा अंथरला आणि दोन तंबूंच्या मधे सरळ पाय करून, डोळे मिटून पडला. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं.

"सर, अंकलना काही होतंय का? पाणी आणू?"

"काही नाही. जागा बघतायत."

"जागा तर उभ्याने पण दिसते, सर."

मी त्याला वडिलांची पद्धत समजावून सांगू लागलो, तेवढ्यात स्टेजवर कोणीतरी स्पीकर लावून बघितला. दादा लगेच उठून बसला. "जमीन हलते ही," त्याने पंचा झटकला. सरबताचे ग्लास आम्ही कमानीजवळ ठेवले. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. एक जागा बाद झाली होती.

दुसरी जागा मात्र मला मुळीच आवडली नाही, कारण ती चांगली होती. कळंबच्या बाजूला, सुरूच्या झाडांत चार साधे तंबू. कमान नाही, स्टेज नाही, दिव्यांच्या माळा नाहीत. मालक चाळिशीचा कोळी; वाळत घातलेल्या बोंबलांवरून कावळे हाकलत तो आमच्याशी बोलत होता. समुद्र वीस पावलांवर. आता हा पडल्या पडल्या घोरणार, असं मला वाटलं.

दादा दहा मिनिटं पडून राहिला. डोळे उघडे. मग उठला तेव्हा त्याचा चेहरा गोंधळलेला होता.

"हा आपला समुद्र नाय," तो मला म्हणाला.

मालकाने ऐकलं. "मग कोणाचा काका? आमच्या आज्यापासून तर आमचाच हाय."

"तुमचाच. पण हा लय जवळून बोलतो. एक लाट येते, मग दुसरी. मी मोजायलाच लागलो. आमचा असा मोजता येत नव्हता."

मालकाने कावळे सोडून दिले आणि कमरेवर हात ठेवून हसला. "वाडीवाले काय तुम्ही?"

"हो."

"वाटलंच. जन्मभर आमचा समुद्र लांबून ऐकला, नि म्हणे आपला! आम्हाला पानी उशाशी लागतं. तुम्हाला केळीतून गाळून पाहिजे."

दादाही हसला. मला मात्र ते लागलं, कारण खरं होतं. लहानपणी आम्ही समुद्रावर किती वेळा गेलो? गणपती विसर्जनाला, आणि मुंबईचे पाहुणे आले तर त्यांना दाखवायला. बाकी वर्षभर वाडीचं काम संपत नसे आणि समुद्रावर नुसतं जाऊन बसणं म्हणजे रिकामटेकडेपणा. शाळेतल्या निबंधात मी समुद्राला जिवलग मित्र म्हटलं होतं आणि बक्षीस मिळवलं होतं. जिवलग मित्राच्या घरी वर्षातून दोनदा जायचो. आणि आता साठी उलटल्यावर दोन वाडवळ, म्हणजे वाडीवालेच, समुद्रासाठी झोप अडली म्हणून नेमके त्याच्या काठावर येऊन पडत होते. दादाची झोप पाण्यापाशी कधी नव्हतीच. ती अर्धा मैल अलीकडे होती.

"आत गावात जा," मालकाने हात दाखवला. "चर्चच्या मागच्या गल्लीत एका बाईंनी तंबू टाकलेत. कोण जात नाय तिथे. समुद्र दिसत नाय ना."

न जाण्याचं काहीतरी कारण मी शोधत होतो, पण दादा स्कूटरपाशी जाऊन उभा राहिला होता.

तिसऱ्या जागेला फाटक होतं, पाटी नव्हती. केळी, सोनचाफ्याची दहाबारा झाडं, मधल्या मोकळ्या जागेत उन्हाने फिकट झालेले तीन तंबू. बाई साठीच्या, गळ्यात क्रूस, हातात कोयती. आम्ही तोंड उघडायच्या आतच त्यांनी माफी मागितली.

"सी-व्ह्यू नाही हो आमच्याकडे. मुलाने हौसेने टाकलं. पोरं येतात, फाटकातूनच विचारतात, आणि जातात."

"मना नाय बघायचा समुद्र," दादा म्हणाला. मना म्हणजे मला. घरची बोली तो परक्या माणसाशी सहसा बोलत नाही. बाईंनी त्यांच्या बोलीत उत्तर दिलं. दोघांच्या बोली वेगळ्या. त्यांची चर्चच्या अंगणातली, आमची देवळाच्या. दोघांनीही आपली सोडली नाही आणि कोणाचं काही अडलं नाही. केळी कुठल्या जातीची, विहिरीला पाणी किती, खारं झालं का, असं बराच वेळ चाललं. मी नुसता ऐकत होतो. आमच्या घरात ही बोली आता दादा आणि मी एवढ्या दोघांतच उरली आहे. बायको ठाण्याची, मुलांना ती समजते, पण उत्तर मुंबईच्या मराठीत येतं. दादा गेल्यावर मी ती कोणाशी बोलणार होतो?

मग दादाने पंचा अंथरला. बाईंना काहीच नवल वाटलं नाही.

"तिकडे नको, मुंग्या आहेत," त्या म्हणाल्या. "अलीकडे घ्या." आणि मधे झोपलेल्या कुत्र्याला त्यांनी पायाने बाजूला केलं.

दादा आडवा झाला. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. केळीची पानं एकमेकांवर घासत होती आणि त्यांच्या मागून, फार लांबून, एकसारखा, न तुटणारा आवाज येत होता. त्यात लाटा नव्हत्या. पहिल्यांदा मला तो ऐकूच आला नाही. मग आला, आणि मग दुसरं काही ऐकू येईना. खाटेची सुंभाची दोरी पाठीला कशी रुतायची ते आठवलं. दादाच्या हातांना मातीचा आणि केळीच्या चिकाचा वास असायचा तो आठवला. त्या वयात मला वाटायचं, माझी राखण करायला दादा जागा राहतो. प्रत्यक्षात तो पडताक्षणी झोपायचा आणि राखण मी करायचो, कसली ते माहीत नसताना.

दादा घोरायला लागला. वर्षभरात आमच्या घरात हा आवाज आला नव्हता.

बाई चहा घेऊन आल्या. त्यांनी दादाकडे बघितलं आणि त्याचा कप माझ्या खुर्चीखाली, बशीने झाकून ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हा शनिवार मोकळा आहे. पुढचाही. सगळेच मोकळे आहेत. कुठला धरू?"

दादा झोपला होता. जागा होळीपर्यंत भरली आहे असं मी त्याला सांगितलं असतं तर त्याने विश्वास ठेवला असता. मी सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीवर तो ठेवतो. पुतण्याला सांगता आलं असतं, बाबांना पसंत पडली नाही, अजून बघतोय. पाचातल्या तीन जाहिराती बाकी होत्या. त्यांच्यावर उन्हाळा सहज निघाला असता, आणि दादाने तो चौथ्या मजल्यावर पंप ऐकत काढला असता.

"हाच शनिवार," मी म्हणालो. "एक तंबू. आम्ही दोघे असू."

चहा संपवून मी फाटकाजवळ गेलो आणि पुतण्याला फोन लावला.

"सोमवारचं तिकीट काढ," मी म्हणालो.

"खरंच? जागा मिळाली? बाबा हो म्हणाले?"

"त्यांना अजून विचारलं नाही. ते झोपलेत."

"आत्ता? दुपारी?"

"अर्धा तास झाला."

मी फोन कानापासून काढून घोरण्याच्या दिशेने धरला.

"काका," तो म्हणाला, "मग उठवू नका त्यांना."