भाऊजींनी मोजलेल्या बाया

मोहाडीहून आंबागडला जायचं दिवाळीआधीच ठरवलं होतं. निघाले मात्र धान घरात आल्यावर. मी सांगते, नात टाइप करते. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका सगळ्या तिच्या.

तुमसरपर्यंत एसटी. पंचाहत्तरी ओलांडली असेल तर तिकीट लागत नाही, पण आधार कार्ड हाताशी ठेवा. कंडक्टरचा माझ्या सुरकुत्यांवर भरवसा बसला नाही. स्टँडवर गरम आलुबोंडा खाऊन घ्या. पुढे ऑटो, भाडं बसायच्या आधी ठरवा. गड पाहायचा असेल तर ऊन चढायच्या आत चढा. मला गड नाही, माझे धाकटे दीर पाहायचे होते.

भाऊजी नागपूरला प्राध्यापक होते, निवृत्तीनंतर आंबागडला राहायला आले. ख्रिस्ती धर्माची पहिली शे-दोनशे वर्षं, एवढाच त्यांचा जन्मभराचा अभ्यास. गाव विचारायचं, बाटला की काय? दरवर्षी दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली की ते आमच्याकडे यायचे, वडे खात सांगायचे: येशूच्या थडग्यावर पहाटे बाया गेल्या, तर थडगं रिकामं. एका पोथीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन. गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्या बायांनी, लिहिली दुसऱ्यांनी.

"मंग खरं काय, भाऊजी?"

"पक्कं झाल्याबिगर सांगत नाही, वहिनी. पुस्तक होऊ दे."

"तवापर्यंत मीच थडग्यात जाईन."

पुस्तक झालं, इंग्रजीत. म्हणाले, येत्या मंडईले बसून आपल्या बोलीत सांगतो. दिवाळीआधीच त्यांना लकवा मारला.

ओसरीत खाटेवर होते. जाऊबाई म्हणाली, समजतं सगळं, शब्द निघत नाही. मी खाटेशी बसले.

"बाया किती होत्या, भाऊजी? आता तरी सांगा."

त्यांनी एक बोट उचललं. मग दुसरं. तिसरं उचलता उचलता हात खाली पडला. ओठ हलले, नुसता श्वास आला. त्यांचे डोळे भरले, तशी मी म्हटलं, "राहू द्या. पक्कं नसन झालं अजून."

अर्ध्या तोंडानं हसले.

परतताना शेवटची गाडी लवकर सुटते, तेवढं ध्यानात ठेवा.

आता नात ते पुस्तक मला मराठीत सांगते, रोज थोडं थोडं. पोरगी हुशार आहे. पण मी मधेच टोमणा मारला की भाऊजी चष्मा काढून हसायचे आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून धरायचे. ही पान उलटते.